घटना : चहा ठेवला

आमच्या जिनिंगच्या गेटातून कुत्रं आत आलं, तरी खोब्रागडे त्याची नोंद हैदराबादला पाठवत. "घटना : कुत्रं आत. रंग भुरा. हेतू अज्ञात." पाच मिनिटांनी दुसरी. "घटना : कुत्रं बाहेर. हेतू अजूनही अज्ञात."

इचोड्याबाहेर, हायवेला लागून हे कापसाचं जिनिंग. मी मॅनेजर, खोब्रागडे वजनकाट्यावरचे कारकून. पूर्वी त्यांच्याकडे जाडजूड रोजनामचा असे. कोणी काही सांगायला गेलं की त्यांचा एकच प्रश्न, "दाखल झालं का?" माझ्या मुलीचं लग्न ठरल्याचं मी सांगितलं, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं.

मग मालकांनी हैदराबादच्या एका कंपनीची नवी व्यवस्था बसवली. काट्यावर ट्रक चढला किंवा कापसाच्या गंजीत उष्णता वाढली, की तिथलं यंत्र आपणहून एका ठरलेल्या पत्त्यावर निरोप धाडणार. त्याला वेबहूक म्हणतात. सगळे निरोप एका साइटवर तारीख-वेळेसह साठणार आणि काही बिघडलेलं दिसलं तर ती साइट माझ्या मोबाईलवर इशारा देणार. मला यातलं एवढंच कळलं की आता मोबाईल वाजणार.

खोब्रागडे मात्र हरखले. "भाऊ, हा रोजनामचा भिजत नाई, फाटत नाई, अन् याच्यातलं कोणी खोडू बी शकत नाई."

कंपनीच्या तेलुगू इंजिनियरला फोन करकरून, दोघांच्याही मोडक्या हिंदीत, त्यांनी एक गोष्ट शोधून काढली. निरोप यंत्रानंच पाठवला पाहिजे असं काही नव्हतं. पत्ता माहीत असला की माणूसही पाठवू शकत होता. तिथून कुत्रं सुरू झालं. पुढे, "घटना : मॅनेजर जांभई. दुसरी."

माणसानं पाठवलेला निरोप साइटला बिघाडच वाटे, म्हणून हे सगळं त्यांच्या नावानं माझ्या मोबाईलवर येई.

"कुत्र्याचं काऊन पाठवता?" मी एकदा चिडून विचारलं.

"कुत्रं आलं नव्हतं का?"

"आलं होतं."

"मंग?"

मी त्यांच्या नावानं येणाऱ्या निरोपांचा आवाज बंद करून टाकला आणि विसरून गेलो.

आम्ही दोघंही निवृत्त झालो. त्यांची बायको वारली, मुलगी नागपूरला शिक्षिका. ते इचोड्यातच, माझ्यापासून दोन गल्ल्यांवर एकटे राहू लागले. एक दिवस आले ते खुशीत होते. चुलीजवळ, म्हणजे गॅसच्या शेगडीजवळ, त्यांनी एक बटण बसवून ते हैदराबादच्या त्याच साइटला जोडलं होतं. सकाळी चहा ठेवला की ते दाबायचं. "घटना : चहा ठेवला." आठपर्यंत ही घटना दाखल झाली नाही, तर साइट एका नंबरावर तासातासानं तीनदा इशारा धाडणार होती.

"तुमचा नंबर टाकला, भाऊ. चालते ना?"

मी हसलो. "चालते की. पण चहा जमला का नाही, ते नका कळवू."

हा इशाराही त्यांच्याच नावानं येणार होता, आणि त्या नावाचा आवाज मी बंद केलाय हे मला आठवलंही नाही.

त्या सकाळी खोब्रागडे न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. संध्याकाळी शेजारीण पीठ मागायला आली, तोवर ते ओल्या फरशीवर पडून होते. मी त्या दिवशी घरीच होतो. मोबाईल खिशात होता. बातमी कळल्यावर मी तो काढून पाहिला. आठचा इशारा, नऊचा, दहाचा. तिन्ही मी पुसून टाकले. मग दवाखान्यात गेलो.

आदिलाबादला, वॉर्डात, नागपूरहून आलेली त्यांची मुलगी रडत विचारत होती, "बाबा, तुमचं मशीन काऊन नाही बोललं?"

खोब्रागडेंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "माह्यी चूक झाली. नंबर टाकताना एक आकडा चुकला."

भेटायला आलेले जिनिंगमधले सगळे हसले. आयुष्यभर कुत्र्यांच्या नोंदी ठेवल्या, अन् कामाच्या वेळी आकडा चुकला! जिनिंगमध्ये हा विनोद अजून चालतो. मीही त्यात हसलो आहे. तो विनोद खोटा आहे, हे सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

दोन वर्षांनी खोब्रागडेंना भेटायला नागपूरला त्यांच्या मुलीच्या घरी गेलो; ते आता तिथंच राहत. काठी घेऊन चालत होते. मुलगी शाळेत गेली होती. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे लॅपटॉप उघडून माझ्यासमोर फिरवला. तारीख, आठ वाजता, माझा नंबर, पोचला. नऊ, पोचला. दहा, पोचला.

"तुमी तुमच्या मोबाईलातून खोडलं, भाऊ. इथं दाखल हाय."

"तुम्हाला ठाऊक होतं? मग तेव्हा खोटं काऊन बोलले?"

त्यांनी काठीची मूठ पुसली. "दोन गल्ल्या चालून येईल असा मानूस माह्याजवळ एकच होता. त्याले चार लोकांत खाली पाहाय लावून मी कोनाचा नंबर टाकला असता?"

निघताना दारापर्यंत आले. म्हणाले, "नंबर बदलला नाई मी."

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या नावाचा आवाज चालू केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पाच कमी असताना मोबाईल वाजला.

"घटना : चहा. पोरीनं ठेवला. साखर कमी."

मी दोनदा वाचलं. मग उत्तर पाठवलं, "दाखल."