मालोजीअण्णांच्या कादंबऱ्या

बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या एका मराठी मंडळाचं वाचनालय बंद करून तिथं केटररची भांडी ठेवायची, असं अध्यक्ष मालोजीअण्णांनी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. पुस्तकांना कुणी हात लावत नाही, भांडी निदान लग्नाला तरी उपयोगी पडतात, हे त्यांचं म्हणणं. महादेवपुऱ्यात नोकरी करून रविवारी वाचनालय सांभाळणारी स्मृती मात्र हटून बसली. जुन्या संगणकातली सूची नव्या पद्धतीत आणते, पुस्तकं मोबाइलवर दिसली की वाचक येतील, असं सांगून तिनं वार्षिक सभेपर्यंत मुदत मिळवली.

सभेत सूची पडद्यावर झळकली.

"मी दिलेली पुस्तकं दिसतात का बघ गं," अंबुबाईअक्का म्हणाल्या.

दिसली. ट्रॅक्टरदुरुस्ती, बाळंतिणीचा आहार आणि कुस्तीचे डावपेच. तिन्हींच्या लेखिका, अंबुबाई.

घोटाळा जुना होता. जुन्या प्रोग्राममध्ये देणगीदारासाठी रकाना नव्हता आणि नाव दिसलं नाही की देणगीदार रुसायचे. म्हणून आधीच्या मंडळींनी लेखकाच्या जागी देणगीदार बसवला आणि बिचाऱ्या लेखकाला शेऱ्यात ढकललं. मंडळात हे सगळ्यांना ठाऊक होतं, नव्या पद्धतीला कोण सांगणार? त्या पद्धतीनं एकेका 'लेखका'ची सगळी पुस्तकं इमानेइतबारे एकत्र आणून ठेवली.

"आमचं नाव घाल बघू," मालोजीअण्णा म्हणाले. त्यांनी दिवंगत सासऱ्यांचं अख्खं कपाट वाचनालयाला दिलं होतं. पडद्यावर कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या सरकू लागल्या. लोक हसू दाबत होते. आता भांडी आलीच, असं स्मृतीला वाटलं.

"चूक झाली, अण्णा. आजच दुरुस्त करते."

"गडबड कशाला करतीस? राहू दे स्वल्प दिवस. सर्जापूर रोडच्या आमच्या व्याह्यांना पाठव आधी."

व्याह्यांनी चार ठिकाणी पाठवलं. पुढच्या रविवारी लोक 'आपली' पुस्तकं बघायला आले, शेजाऱ्यांची घेऊन गेले. ज्यांची नव्हती ते पिशव्या भरून पुस्तकं द्यायला आले. स्मृतीनं खऱ्या लेखकांना त्यांची जागा परत दिली आणि देणगीदारांना फोटोसकट वेगळी चौकट दिली. कुणीही रुसलं नाही. केटररला अण्णांनीच नकार कळवला, तेव्हा स्मृतीला नाचावंसं वाटलं.

महिन्याभरानं अण्णा एक जाड कादंबरी परत करायला आले.

"व्याही चर्चेला येणार होते, म्हणून बसून वाचली."

"कशी वाटली?"

अण्णांनी चष्मा पुसला.

"चांगली आहे. शेवट तेवढा स्वल्प घाईत झाला आमच्याकडून."