महिनाभराची पाटी

रस्त्यापलीकडं उभा राहून, एक डोळा झाकून, स्वतःच रंगवलेल्या पाटीकडं संशयानं बघणारा म्हातारा बारामतीत दिसला, तर ते आमचे दिलावरचाचा पेंटर समजावं. मागं ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून दमतो. चाचा हलत नाहीत. "थांब की रं, 'क' वाकडा दिसतोय."

चाचांचा धंद्याचा एक नियम होता, आणि त्यापायी निम्मी गिऱ्हाइकं पळून जायची. नवा धंदा काढणाऱ्याला ते थेट मोठी पाटी देत नसत. आधी हातभर पत्र्यावर नाव आणि धंदा रंगवून द्यायचे, तेही फुकट. "ही घरात लाव. म्हैनाभर रोज बघ. लाज वाटली न्हाय, तर मोठी न्यायला ये." एका पोरानं बापाच्या हौसेखातर वकिलाची पाटी नेली होती. आठव्या दिवशी परत आला आणि तिच्यावर 'मटण खानावळ' लिहून घेतलं. आज पिंपळीच्या रस्त्याला त्याच्याकडं बसायला जागा नसते.

मी तेव्हा एका ऑफिसात बिलं टाइप करत होते. पगार वेळेवर, खुर्ची फिरती, जीव मात्र मोटारीत. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी भरायला, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळायला, मी वडिलांकडं शिकले होते. स्वतःचं दुकान काढावं असं फार वाटायचं, पण धीर होत नव्हता. चाचांना विचारलं, "बाईमाणूस मोटारी भरतंय म्हणून लोक हसले तर?"

"हसू देत की. घरातली हसली तर तू काय करतीस, ते आधी बघू," असं म्हणत त्यांनी रंगवलं, 'सविता मोटार रिवायंडिंग'.

पाटी स्वयंपाकघरात लावली. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी तिच्यावर कॅलेंडर टांगलं. मी काढलं. त्यांनी पुन्हा टांगलं. पंधरा दिवस हेच चाललं. मग शेजारचे तात्या एकदा जळलेल्या मोटारीचं रडगाणं घेऊन आले, तर सासूबाईच म्हणाल्या, "आमच्या हिला दावा की. पाटी काय उगं लावलीय व्हय?"

त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला.

दुकानाला आता सहा वर्षं झाली. दुकानावरच्या मोठ्या पाटीचा रंग उडाला म्हणून परवा चाचांकडं गेले. फ्लेक्सवाल्यांनी त्यांचा धंदा कधीच खाल्लाय, आणि चाची गेल्यापासून घरात ते एकटेच. चहाला मी पहिल्यांदाच त्यांच्या आतल्या खोलीत बसले. भिंतीवर हातभर पाटी होती, कडा गंजलेल्या. 'दिलावर मास्तर. लहान मुलांना चित्रकला शिकवतील.'

"चाचा, ही कधीची?"

"हाय जुनी. चाची व्हती तवाची." त्यांनी बशीत चहा ओतला. "म्हैना व्हायचाय अजून."

मला आधी हसू आलं. या माणसामुळं मी माझ्या दुकानात बसते, आणि याच्या घरात काय टांगलंय हे मी सहा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. मी पाटी काढली, बाहेर नेली, पिशवीतली हातोडी घेतली आणि दाराशेजारी खिळा ठोकला. चाचा नको नको म्हणत होते. म्हणता म्हणता रस्ता ओलांडून पलीकडं जाऊन उभेही राहिले.

बराच वेळ बघत होते. एक डोळा झाकायचं विसरले.

"वाकडी झालीय का, चाचा?"

"असू दे," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे तशीच."