छपरावरचा ट्यूना

लॉर्न डीगलने चहाचा डबा उघडला तेव्हा त्याच्या बोटीला खेटून, त्याच्या गळाला लागलेला, आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा पोहत होता, आणि डब्यात ओटची बिस्किटं होती.

डब्यात बिस्किटं असणं हा काही गुन्हा नव्हे. पण त्या डब्यात असायला हवी होती नारिंगी पट्टी. आमच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर ब्लूफिन ट्यूना धरायचा तर सरकार एका परवान्याला वर्षाची एकच पट्टी देतं. एक पट्टी, एक मासा, की वर्षभर गप्प बसायचं. मासा बोटीवर ओढला की लगेच ती पट्टी शेपटाशी अडकवून खेचायची. एकदा ती 'कट्' करून बसली की कुणाच्या बापालाही उघडता येत नाही, आणि कापली तर बाद. पट्टी नसताना मासा वर घेतला, तर परवान्यावरच पाणी सोडायचं. त्यात भर म्हणजे बेटाच्या वाट्याचा कोटा भरत आला होता आणि आज संध्याकाळी हंगाम बंद, असं मासेमारी खात्याने सकाळीच वायरलेसवर सांगून टाकलं होतं.

आणि लॉर्नला तो मासा खायला नको होता हो! तो विकून त्याला घराचं छप्पर करायचं होतं. गेली काही वर्षं डीगलांचं छप्पर असं गळत होतं, की पाऊस बाहेर थांबला तरी आत चालू असायचा. बरोबर गळतीखाली लॉर्नच्या सासूबाईंचा, एफीबाईंचा पलंग होता आणि पलंगाशेजारी बादली. "यंदा मासा लागला की छप्पर," असं लॉर्न दर वर्षी म्हणायचा. मासा लागायचा नाही, आणि एफीबाई दर वर्षी बादली जरा मोठी मागायच्या.

"मेल्विन," लॉर्न सुकाणूवरच्या मेव्हण्याला म्हणाला, "ही बिस्किटं कुठून आली?"

"एक इकडे दे," मेल्विन म्हणाला.

"अरे, पट्टी कुठंय? मी काल स्वतः या डब्यात ठेवली होती!"

मेल्विनने मागे वळून पाहिलं. त्याची स्वतःची पट्टी पहिल्याच आठवड्यात एका किरकोळ माशाच्या शेपटाला लागली होती, आणि तेव्हापासून तो त्या किरकोळ माशाची लांबी रोज थोडी वाढवत होता. आता मात्र बोटीच्या कडेला जे निळंकाळं धूड सावकाश चाललं होतं, ते पाहून त्याने हातात घेतलेलं बिस्कीट परत डब्यात ठेवलं.

"घरी विचार," तो म्हणाला.

आमच्या बंदरात प्रत्येक कोळ्याच्या स्वयंपाकघरात वायरलेस असतो. सोय फार चांगली, पण त्यातलं बोलणं सगळ्या बोटींना आणि सगळ्या स्वयंपाकघरांना ऐकू जातं. त्यामुळे इथली शहाणी माणसं वायरलेसवर हवापाण्यापलीकडे काही बोलत नाहीत. लॉर्नला त्या वेळी शहाणपण परवडणारं नव्हतं.

"फ्लोरी! फ्लोरी, ऐकतेयस का?"

"ऐकतेय. बिस्किटं खाल्लीस का?"

"बिस्किटं राहू दे! डब्यात पट्टी होती ती कुठंय?"

"कसली पट्टी?"

"नारिंगी! प्लॅस्टिकची! वर नंबर होता!"

 फ्लोरी जपून म्हणाली, "ती होय... ती छपरावर आहे."

"छपरावर काय करतेय?"

"ताडपत्री धरून ठेवलीय. काल वाऱ्याने सुटली होती ना! आई छत्री घेऊन झोपली होती. ड्रॉवर उघडला, डबा दिसला, डब्यात पट्टी. चांगली मजबूत वाटली. मग डबा रिकामा कसा द्यायचा, म्हणून बिस्किटं भरली."

"अगं, तिच्यावर सरकारी नंबर होता!"

"मला वाटलं किंमत आहे."

वायरलेसवर कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कुणी, मग सगळ्या बोटी. थोरल्या पीटर्सचा आवाज आला, "लॉर्न, तुझं छप्पर किती किलोचं भरलं रे?" आणखी एक दयाळू आवाज म्हणाला, "माझी पट्टी शिल्लक आहे, ती घे."

"हे कोण बोललं? दुसऱ्याची पट्टी लावणं गुन्हा आहे!" असा एक नवाच आवाज आला, आणि सगळं बंदर चिडीचूप झालं.

तो आवाज गिलिसचा होता. गिलिस हा खात्याचा नवा अधिकारी. तरुण, सरळ आणि नियमाला इतका पक्का, की रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवतानासुद्धा वळायचा हात दाखवायचा. तो तेव्हा धक्क्यावर उभा होता.

"डीगल, मासा जिवंत आहे?"

"माझ्यापेक्षा जास्त, साहेब."

"वर घेऊ नका. पाण्यातच हळूहळू चालवत ठेवा. पट्टी पुरती ओढून बसली नसेल, तर ती वापरलेली धरत नाहीत. तशी असेल तर मी स्वतः ती बोटीवर आणून देईन. बसली असेल तर मासा सोडावा लागेल. मी घरी जाऊन बघतो."

"साहेब, तुमचं भलं होवो!" लॉर्न म्हणाला.

"त्याला कशाला त्रास?" फ्लोरी मध्येच म्हणाली. "मी सांगते ना, चांगली घट्ट बसलीय! मी पाय लावून ओढलीय!"

"फ्लोरी, आज एक दिवस घट्ट म्हणू नकोस गं!"

डीगलांचं घर बंदरावरच्या तांबड्या कड्यावर आहे, आणि बोट किनाऱ्यापासून फार लांब नव्हती. लॉर्नने दुर्बीण डोळ्यांना लावली. निळी ताडपत्री स्वच्छ दिसत होती. तिच्या कोपऱ्यात, धुराड्याच्या कडीला, नारिंगी ठिपकाही दिसत होता. इकडे मासा बोटीच्या बरोबरीने चालला होता, अगदी शिस्तीत, जशी काही त्यालाही छपराची काळजी होती.

"मेल्विन, वेग कमी कर. दमेल तो."

"तो नाही दमत. मी दमलोय," मेल्विन म्हणाला. "केवढा आहे रे हा! माझा याच्यापुढे..." आणि महिन्याभरात पहिल्यांदाच त्याने आपल्या माशाची लांबी सांगितली नाही.

कड्यावर गिलिसची गाडी थांबली. गिलिस शिडीवर चढताना दिसला. खाली फ्लोरी हातवारे करत होती.

"काय म्हणतेय ती?" मेल्विनने विचारलं.

"डावीकडे पाय ठेवू नका म्हणत असणार. डावीकडे नुसती ताडपत्रीच आहे."

गिलिसने वाकून तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, आदराने मान हलवली, आणि छपरावर चढून उजवीकडे पाय ठेवला. आता फ्लोरी खाली घराकडे तोंड करून उभी होती आणि गिलिस वर समुद्राकडे. तिची डावी ती त्याची उजवी.

लॉर्नच्या दुर्बिणीत गिलिस एकाएकी निम्मा झाला.

त्या वेळी एफीबाई दुपारची झोप काढत होत्या. आधी त्यांच्या पांघरुणावर थोडा भुसा पडला. मग एक फळी पडली. मग छतातून एक सरकारी बूट आला, त्याच्यामागून गुडघा आला, आणि तो पाय बादलीच्या वर हवेत सायकल चालवू लागला. एफीबाईंनी चष्मा लावून त्याच्याकडे पाहिलं आणि हाक मारली. स्वयंपाकघरातला वायरलेस चालूच होता, त्यामुळे ती हाक सगळ्या ताफ्याने ऐकली.

"फ्लोरी! आधी नुसतं पाणी यायचं! आता माणसं पण गळायला लागली गं!"

मासेमारी थांबली. हंगामाचा शेवटचा दिवस, पण कुणाचं म्हणून गळाकडे लक्ष नव्हतं. थोरला पीटर्स हसता हसता बोटीत बसला आणि त्याला उठता येईना.

गिलिस मात्र कर्तव्याला चुकला नाही. कमरेपर्यंत छपरात रुतलेल्या अवस्थेत त्याने हात लांब केला, पट्टी धरली, हलवून बघितली, नंबर वाचला. मग कमरेच्या वायरलेसवर त्याचा आवाज आला. जरा चिरका, पण नियमाला धरून.

"डीगल... पट्टी पूर्ण बसलीय. मला वाईट वाटतं. मासा सोडा."

 लॉर्न कडेला वाकला. मासा डोळा वर करून त्याच्याकडेच पाहत होता. ते पाहून लॉर्नला हसूही आलं आणि रडूही.

"जा बाबा," तो म्हणाला. "तुझी काही चूक नाही. बायको माझी."

त्याने दोरी कापली. पाण्यावर एक मोठी लाट उठली, बोट एका बाजूला कलली, आणि समुद्र पुन्हा कोरा झाला. लॉर्नने बिस्किटांचा डबा उघडला, एक मेल्विनला दिलं, एक स्वतः घेतलं. बिस्किटं चांगली झाली होती, हीच काय ती दिवसाची कमाई. त्याला सगळ्यात जास्त धास्ती घरी जाऊन सासूबाईंना तोंड दाखवायची वाटत होती.

घरी पोचला तेव्हा चार शेजाऱ्यांनी मिळून गिलिसला छपरातून उपसून काढलं होतं. त्याचा घोटा भोपळ्याएवढा सुजला होता आणि एफीबाई त्याला आपल्याच पलंगावर बसवून बटाट्याचं सूप भरवत होत्या.

"या जावईबापू," त्या म्हणाल्या. "मासा सोडलात म्हणे. बरं केलंत. आता आधी हे भोक बघा. यातून माझा देव मला सरळ दिसतोय."

"आई, पुढच्या वर्षी नक्की..." लॉर्न म्हणायला लागला, पण त्याचं वाक्य पुरं झालं नाही.

"पुढच्या वर्षी नाही," गिलिस म्हणाला. सूप गिळून तो ताठ बसला. "खात्याच्या माणसाने कामावर असताना कुणाच्या मालमत्तेची मोडतोड केली, तर ती खात्याने पूर्ववत करून द्यायची. नियम आहे."

"पण साहेब, ते आधीपासूनच..."

"लॉर्न," फ्लोरी त्याच्या पायावर पाय देत गोड आवाजात म्हणाली, "साहेबांना नियम जास्त कळतात."

खात्याचे सुतार आठवड्याभरात आले. त्यांना एक भोक बुजवायचं होतं. पण भोकावर फळी ठोकायची तर शेजारची फळी धड हवी. शेजारची ओढली तर ती हातात आली, तिच्या मागोमाग तिची शेजारीण आली. सुतार फळी-फळी करत धड लाकूड शोधत निघाले, ते थेट घराच्या पलीकडच्या टोकाला खाली उतरले. नियम म्हणत होता छप्पर करून द्या. त्यांनी छप्पर करून दिलं, नवं कोरं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पट्टीचं काय करायचं हे कुणालाच ठरवता येईना, म्हणून ती धुराड्याच्या कडीला तशीच राहिली.

शरदातला पहिला मोठा पाऊस आला त्या दुपारी गिलिस काठी टेकत काम पाहून जायला आला. फ्लोरीने भोपळ्याचं सारण भरलेली गोड पेस्ट्री केली होती. मेल्विनही वास घेत आला होता. सगळे एफीबाईंच्या खोलीत माना वर करून बसले. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. आत एक थेंब नाही. फ्लोरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पदराएवढ्या मोठ्या ॲप्रनला पुसलं.

एफीबाईंनी या कुशीवरून त्या कुशीवर वळून पाहिलं, उशी उलटी केली, आणि शेवटी उठून बसल्या.

"काय झालं आई?" लॉर्नने घाबरून विचारलं. "गळतंय का कुठं?"

"तेच तर नाही ना!" त्या वैतागून म्हणाल्या. "इतकी वर्षं ती टपटप ऐकत झोपलेय मी. आता झोप कशी लागायची?"

 लॉर्नने कोपऱ्यातली बादली उचलली, शेजारच्या न्हाणीत नळाखाली ठेवली, आणि नळ अगदी किंचित सोडला. टप. टप. टप. थोड्याच वेळात एफीबाई घोरायला लागल्या.

"लॉर्न," गिलिस हळूच म्हणाला. त्याने पहिल्यांदाच डीगल न म्हणता लॉर्न म्हटलं होतं. "आता कागदावर काही लिहायचं नाही. खरं सांग, मासा केवढा होता?"

मेल्विनने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण लॉर्नने त्याला हातानेच थांबवलं. त्याने बोट वर केलं, नव्या छपराच्या या टोकाला रोखलं, आणि ते सावकाश नेत नेत पार त्या टोकाला पोचवलं.

"एवढा," तो म्हणाला.