आधी मी, मग मैना

आमच्या धारच्या संस्थानी पागेचे दरोगा बळवंतराव रोज सकाळी घोड्यांचा भिजवलेला हरभरा स्वतः चाखून बघत. चाखून म्हणजे एखादा दाणा जिभेवर ठेवून नव्हे. चांगला मूठभर, उभ्याउभ्या, मिशा सांभाळत. मी पागेसमोरच राहायचो, त्यामुळे हे दर्शन मला दात घासतानाच घडे.

घोड्याला जे सोसायचं ते आधी आपण सोसून बघायचं, हा दरोगाकाकांचा नेम. "आधी मी. मग ती. समज में आया?" हे त्यांचं पालुपद. नवा लगाम आला की आधी यांच्या तोंडात. नवं खोगीर आलं की ते पाठीवर घेऊन काका अंगणभर ओणवे फिरत. काकू गेल्यावर देवासहून एक पाहुणे दुसरेपणाचं स्थळ घेऊन आले होते. ते हे दृश्य बघून पाणीही न पिता परतले. काकांनी त्यांना हाक मारली नाही.

'ती' म्हणजे मैना. पागेत घोडे पुष्कळ होते, पण काकांच्या बोलण्यात ही एकच पांढरी, पोक्त घोडी असायची.

एकदा मुंबईची एक सिनेमा कंपनी मांडूला आली. सिनेमा तेव्हा मुका होता. कंपनीवाले मात्र फार बोलत. पडक्या महालापुढे लढाई घ्यायची म्हणून त्यांनी दरबाराकडे घोडे मागितले. पांढरं जनावर पडद्यावर उठून दिसतं, म्हणून नायकासाठी मैना ठरली. तिच्याबरोबर काका गेले, खरारा-दाणापाण्याला कालू साईस आणि कचेरीतर्फे मी.

डायरेक्टरांनी प्रसंग समजावला. नायकाला बाण लागतो आणि भरधाव घोडी कोसळते.

"कोसळते कशी?" काकांनी विचारलं.

डायरेक्टरांनी गवतात ताणलेली तार दाखवली. "पाय अडकला की आपोआप."

"आणि मोडला तर?"

"तर दरबाराला कळवू."

काकांनी जोडे काढले, धोतर खोचलं, "आधी मी" म्हणाले आणि कोणी अडवायच्या आत तारेवर धावून गेले. पागोटं एकीकडे पडलं, काका दुसरीकडे. कॅमेरेवाला पोट धरून हसत होता. काका उठले, गुडघ्याचं रक्त पुसलं आणि शांतपणे म्हणाले, "लागतं. ती नाही पडणार."

"साहब, तार हटवाय दो," कालू साईस डायरेक्टरांना म्हणाला. "दरोगाजी नी मानेगा."

डायरेक्टर चिडले. घोडी निदान मेलेल्या नायकाशेजारी बसवून दाखवा, नाहीतर दरबाराला सांगून दुसरा दरोगा मागवतो, म्हणाले. काकांचा चेहरा उतरला. दुसरा दरोगा आला म्हणजे तार आलीच.

नायक गवतात मरून पडला. मैनेनं त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, त्याच्या उशाचं गवत तेवढं खाल्लं. शेवटी काकाच नायकाचा अंगरखा चढवून, पोट आत ओढून आडवे झाले. मैना सावकाश चालत आली, पुढचे गुडघे दुमडले आणि त्यांच्या पाठीला टेकून बसली. कॅमेऱ्याचं हँडल फिरत राहिलं. या वेळी कोणी हसलं नाही.

"हे तिला कधी शिकवलंत?" परतताना मी विचारलं.

"शिकवलं कुठं? तुझी काकू गेल्यापासून संध्याकाळी घर खायला उठतं. मी पागेत जाऊन पडतो. ती येऊन बसते."

पुढच्या उन्हाळ्यात मैना पोटशुळानं गेली. दसऱ्यानंतर तो सिनेमा धारला तंबूत लागला. मेलेल्या नायकाला अचानक सुटलेलं पोट बघून सगळा तंबू "दरोगाजी, दरोगाजी" करत हसला. काका रोज यायचे आणि तेवढा प्रसंग बघून उठायचे.

एकदा मी त्यांच्या शेजारी बसलो. पडद्यावर मैना चालत आली.

"सगळं आधी मी करून बघायचो रे," काका म्हणाले. "जायचं तेवढं तिनं आधी उरकलं."

  पडद्यावर मैना गुडघे दुमडून बसली. काकांनी तिच्या शेजारी मरून पडलेल्या स्वतःकडे बोट दाखवलं.

"इथं मात्र बरोबर घेतलंय," ते म्हणाले. "आधी मी."