डॉक्टरांचे वकील शेंडे

शेंडे वकिलांची दाढ दुखायला लागली की चंद्रपूर कोर्टाच्या अख्ख्या बार रूमला कळतं. गालाला रुमाल बांधून येतात, लवंग चघळत बसतात आणि कोणी दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की हात जोडतात. हा माणूस स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढत नाही. कारण सरळ आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत ज्या ज्या डॉक्टरवर हलगर्जीपणाचा दावा होतो, तो उठून शेंड्यांकडेच येतो.

"त्या चौकातल्या डॉक्टरांकडे जा ना, भाऊ. हात चांगला आहे त्यांचा," मी एकदा म्हटलं.

"चांगलाच आहे, बाई. कोर्टात मीच सिद्ध केला. पन मी फाईल वाचली आहे ना!"

मीही वकील, पण त्यांच्या समोरच्या बाजूची. पेशंटच्या, नाहीतर त्याच्या मागे राहिलेल्यांच्या वतीने उभी राहते. तरी गडचिरोलीच्या तारखेला आम्ही माझ्या गाडीतून सोबत जातो, कारण शेंड्यांना गाडी येत नाही आणि मला एकटीला त्या जंगलाच्या रस्त्याचा कंटाळा येतो. एकदा वाटेत मूल गावी चहाला थांबलो असताना माझ्या एका अशिलाने आम्हाला एकाच गाडीतून उतरताना पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"मॅडम, हे तं आपले दुश्मन होत ना?"

शेंड्यांनी भज्यांची प्लेट त्याच्यापुढे सरकवली. "दुश्मनी कोर्टात गेल्यावर चालू होते, भाऊ. तोवर भजे खा."

डॉक्टरांना त्यांचा एकच मंत्र: "लिहा. जे लिहलं नाई, ते घडलं नाई." लग्नाच्या मांडवात एखादा डॉक्टर जिलबी खात असला तरी जवळ जाऊन कानात विचारतात, "संमतीपत्रावर सही घेऊन राह्यले ना?" त्या डॉक्टरची जिलबी तिथेच थांबते. स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांचं सगळंच तोंडी. "जेवलात का?" विचारलं की उत्तर येतं, "रेकॉर्डवर नाई." बायको गेल्यापासून हे उत्तर जास्तच ऐकू येतं. मुलगी लग्न होऊन लांब गेली. तिचा फोन आला की मात्र छातीठोक सांगतात, "जेवलो, जेवलो."

खटला जिंकल्यावर शेंड्यांचा चेहरा कोणाच्या तरी मातीवरून परत आल्यासारखा असतो. परतताना गाडीत, मी हरलेली, तरी मीच गाणं लावते आणि ते फाईल छातीवर ठेवून डोळे मिटतात. "जितलो तरी कोनी मेलेलंच रायते, बाई," असं एकदा झोपेतच बोलल्यासारखं बोलले. एकदा मूलच्या अलीकडे वाघ रस्त्यात आडवा आला. मी करकचून ब्रेक दाबला. शेंड्यांनी एक डोळा उघडला. "मजेत आहे लेकाचा. याले नोटीस येत नाई," म्हणाले आणि पुन्हा झोपले.

गडचिरोलीच्या वाटेवरच्या सावली गावच्या सुमनबाईंची केस आमच्या दोघांत होती. नवरा ऑटो चालवायचा. हर्नियाचं ऑपरेशन झालं, नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून उठला आणि कोसळला तो गेलाच. डॉक्टर आत धावपळ करत राहिले आणि नंतर, घाबरून म्हणा, बाहेर आलेच नाहीत. काय झालं ते सुमनबाईंना कोणीच सांगितलं नाही. म्हणून त्या माझ्याकडे आल्या.

ग्राहक आयोगात शेंडे उलटतपासणीला उठले. आवाज नेहमीसारखाच, दमलेला.

"बाई, ऑपरेशनच्या सकाळी त्याइले पानी कोनी देल्लं?"

"मीच देल्लं. घोटभर. तोंड सुकलं होतं त्यायचं."

"सिस्टरनं मनाई केली होती?"

सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "हो."

"बस," म्हणून शेंडे बसले.

तज्ज्ञांचा अहवाल डॉक्टरच्या बाजूने आला आणि आमची तक्रार फेटाळली गेली. निकालात पाण्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. मी नागपूरच्या अपिलाची तयारी करत होते, तेव्हा सुमनबाई आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "अपील नको, मॅडम."

"काऊन?"

"इतवारी शेंडेसाहेब आले होते घरी. डॉक्टरले घेऊन."

माझं डोकंच सणकलं. समोरचा वकील परस्पर माझ्या अशिलाच्या घरी! तेही अपिलाची मुदत शिल्लक असताना, स्वतःच्या डॉक्टरला बोलतं करायला!

सुमनबाई सांगत होत्या. "डॉक्टरनं समदं सांगतलं. पायात रक्ताची गाठ झाली, ते छातीत गेली. पान्याचा काईच संबंध नाई म्हने. मॅडम, कोर्टातून आली तवापासून पानी प्याले घेतलं का घोट उतरे नाई माह्या. मीच मारलं त्याइले, असं वाटे." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "वकीलसाहेब म्हने, बाई, तो प्रश्न माह्या धंद्याचा होता. तुमी घरी नेऊ नोका."

पुढच्या तारखेला गडचिरोलीला निघालो, सावली मागे पडली. मग राहवलं नाही.

"डॉक्टरांचं बोलणं मी अपिलात वापरलं असतं तर? तुमच्याकडे पुन्हा कोणता डॉक्टर आला असता?"

"कोनीच नाई," ते डोळे मिटूनच म्हणाले.

"मग गेलात कशाला?"

"सावली रस्त्यातच तं आहे."

"रविवारी कोणतं कोर्ट होतं, भाऊ?"

वैनगंगेचा पूल आला. खाली पात्रात दोघे जण कमरेइतक्या पाण्यात जाळं ओढत होते. शेंडे तिकडे पाहत राहिले.

"डॉक्टर निघून गेले लवकर," पूल संपता संपता ते म्हणाले. "मी म्हटलं, मी बसनं येतो. चपला घालून राह्यलो, तं ते बाई म्हने, जेवून जा. मले वाटलं, उगाच म्हनून राह्यली. पन तिनं ताट मांडलंच. वांग्याची भाजी, भात. कोर्टात तिले असं विचारनारा मी, अन् तिनं दुसऱ्यांदा भात वाढला, न विचारता."

मी गाडी हळू केली.

"जेवन होतवरी ताटाजवळ बसून होती, बाई," शेंडे म्हणाले आणि खिडकीची काच खाली करून बाहेर पाहू लागले.