सुरमई कुणाला खाऊन मोठी झाली?

भालेराव मामा कोळणीला भाव विचारत नाहीत. सुरमईकडे बोट दाखवून विचारतात, "ही कुणाला खाऊन मोठी झाली?" आमच्या बदलापूरच्या बाजारातली राधाबाई आता सरावली आहे. "मामा, तिची पत्रिका घरी राहिली," म्हणते आणि न विचारता त्यांच्या पिशवीत मांदेली टाकते.

मामा आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. पूर्वी अंबरनाथला थर्मामीटरच्या एका छोट्या कारखान्यात होते. त्यांचं एकच शास्त्र. पाण्यातला पारा बारीक जिवांत जातो, त्यांना मांदेली खाते, मांदेलीला तिच्याहून मोठा मासा, त्याला सुरमई. पारा लवकर बाहेर पडत नाही, साठत जातो. "वरचा तो सगळ्यांचं खातो," हे वाक्य त्यांनी जिन्यात ऐकवलं, शेअर रिक्षात ऐकवलं, एकदा तर कुणाच्या हळदीच्या पंगतीतही. मला त्यांचा कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू.

माझी लेक प्राची बाळंतपणाला माहेरी आली. सातव्या महिन्यात तिला सारखी सुरमई हवी असायची, आणि मी हौसेनं तळायचे. रविवारी जावई जेवायला होते, आणि मामा नेमके त्याच वेळी आले. ताट पाहिलं, आणि पोरीच्या पुढ्यातली तुकडी उचलून उभ्या उभ्या खाऊन टाकली. मग दुसरी. तीही जावयासमोर. मी जाम भडकले. म्हटलं, लोकांना उपदेश करता आणि स्वतः हे?

मामा शांतपणे म्हणाले, "ताई, प्राची शेवटची नाही. तिच्यावर अजून एक आहे, पोटातला. त्याला नको म्हणता येत नाही."

"मग टाकून द्यायची. तुम्ही का खाल्ली?"

"टाकली तर जिन्यातली मांजर खाणार. तिच्या पोटात पिल्लं आहेत. माझ्यावर कोण आहे?"

मग खाली बघत म्हणाले, "सांडलेला पारा आम्ही पाणी मारून नाल्यात लोटायचो. नाला वालधुनी नदीत, वालधुनी खाडीत. माझा मलाच परत मिळू दे."

मला फार वाईट वाटलं. प्राचीनं शेजारची खुर्ची ओढली. "मामा, बसा. घरी मांदेली आहे ना? आणा, दोघं खाऊ."

मामा डबा आणायला गेले. समोरच्याच दारातून यायला त्यांना बराच वेळ लागला, आणि आले ते तोंड धुऊन.