नव्वद झिवको

"अर्ध्या तासाचं काम आहे," झिवको म्हणाला. तो असं म्हणतो तेव्हा त्याची बायको इस्क्रा घड्याळाकडे बघत नाही, कॅलेंडरकडे बघते.

सेव्लिएवो गावात या दोघांचं छपाईचं दुकान. लग्नपत्रिका वगैरे नावाला, घर चालतं ते शोकपत्रकांवर. गावात कुणी गेलं की फोटोसकट पत्रक छापायचं आणि दारावर, झाडावर, बसथांब्यावर चिकटवायचं. चाळिसाव्या दिवशी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षानं पुन्हा. माणूस मेला म्हणून सुटला असं या गावात होत नाही. पत्रकं इस्क्रा तिच्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर बनवायची आणि प्रिंटर मात्र झिवकोच्या लिनक्सवाल्याला जोडलेला. म्हणून ती दिवसातून तीसदा पेनड्राइव्ह घेऊन त्याच्या टेबलाशी जायची. आठ वर्षं झाली होती.

"सोमवारी माझ्या टेबलावरून छापलं गेलं नाही, तर मी प्लामेनला बोलावणार," ती म्हणाली.

प्लामेन तिचा भाऊ, राजधानीत, सोफियात, कॉम्प्युटरच्या धंद्यात. मागे एकदा येऊन त्यानं दहा मिनिटांत दुकानाचं इंटरनेट चालू करून दिलं होतं. वायरी झिवकोनं ओढल्या, भिंती झिवकोनं फोडल्या, आणि गाव अजून 'प्लामेनचं इंटरनेट' म्हणतं! हे झिवकोला फार लागलं होतं. या वेळी नाव झालं तर त्याचंच व्हायला हवं होतं.

शनिवारी इस्क्रा मिरच्यांची चटणी करायला माहेरी गेली आणि झिवकोनं बाह्या सरसावल्या. लिनक्स आणि विंडोज म्हणजे एका घरात राहून अबोला धरलेली माणसं. सांबा नावाचं सॉफ्टवेअर टाकलं की दोघं एकमेकांच्या फायली आणि प्रिंटर वापरायला लागतात. ते त्यानं टाकलं. आता बायकोच्या मशीनवरून काहीतरी छापून बघायचं.

तिथं चाळिसाव्याच्या पत्रकाचा कोरा नमुना उघडाच होता. फोटो कुणाचा टाकायचा? जिवंत गिऱ्हाइकाचा टाकला तर अपशकुन. मग त्यानं स्वतःचा टाकला. 'आमचा लाडका झिवको आम्हांला सोडून गेला, त्याला आज चाळीस दिवस झाले.' असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं तो स्वतःशी म्हणाला, आणि हळूच टेबलाच्या लाकडावर तीन टिचक्या मारल्या. मग दहा प्रतींचा हुकूम सोडला.

प्रिंटर ढिम्म. त्यानं पासवर्ड बदलला आणि पुन्हा बटण दाबलं. काही नाही. पासवर्डच काढून टाकला, पुन्हा दाबलं. काही नाही. असं नऊ वेळा झालं. चार वाजता त्यानं सांबाच्या जन्मदात्यांचा उद्धार केला आणि दुकान बंद करून घरी गेला.

रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे मिंचोकाका आले. ट्रेमधली पत्रकं उचलायची आणि गावभर चिकटवायची, हे त्यांचं काम. दुकानाची किल्लीही त्यांच्याकडे. काका फोटो बघत नाहीत. "बघायला लागलो तर चिकटवू कसा? सगळे ओळखीचेच," म्हणतात. ट्रे रिकामा होता आणि प्रिंटरचा लाल दिवा लुकलुकत होता. लाल दिवा म्हणजे कागद संपला, एवढं काकांना ठाऊक. त्यांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा भरला.

प्रिंटरनं एका दमात नव्वद झिवको बाहेर काढले.

नऊ वाजता झिवको पाव आणायला निघाला आणि कोपऱ्यावरच्या झाडावर स्वतःलाच भेटला. तो नखांनी पत्रक खरवडू लागला, तेवढ्यात शेजारच्या तोंकाबाईंनी गाठलं.

"चाळीस दिवस, झिवको? आणि भिंतीला भिंत लागून राहते मी, मला साधं कळवलं नाहीत?"

"तोंकाबाई, मी जिवंत आहे."

"ते दिसतंय. मी बोलावण्याबद्दल बोलतेय. दफनाला आम्ही नकोसे झालो होतो का?"

"दफन झालंच नाही हो."

"चाळीस दिवस झाले आणि दफनसुद्धा नाही? धन्य आहे इस्क्राची." मग जरा नरमून त्या म्हणाल्या, "मी चाळिसाव्याचे गहू उकडून ठेवलेत. आणि प्लामेनला फोन केलाय, तो निघालाय."

झिवको खरवडायचा थांबला. "त्याला सांगा, येऊ नको."

"गाडी चालवताना तो फोन घेत नाही. शिस्तीचा मुलगा आहे."

दुपारपर्यंत दुकानासमोर टेबलं लागली. जो तो गहू, भाकरी, राकियाची, म्हणजे घरी गाळलेल्या दारूची, बाटली घेऊन यायचा, झिवकोला बघायचा, आधी का कळवलं नाही म्हणून झापायचा आणि बसून घ्यायचा. चाळिसाव्याचं अन्न घरी परत नेत नाहीत, म्हणजे जेवणं आलंच.

इस्क्रा बसमधून उतरली ती थांब्यावरचं पत्रक हातात घेऊनच आली.

"हे माझ्या टेबलावरून छापलंस?"

"तुझ्याच."

तिच्या चेहऱ्यावर चक्क कौतुक होतं. झिवको इतका सुखावला की मेल्याचंही सार्थक वाटलं त्याला. पण ते कौतुक तोंडातून बाहेर पडायच्या आत प्लामेनची गाडी आली. काळा टाय, हातात सहा पांढरी फुलं; मेलेल्याला फुलं सम संख्येनंच देतात. त्यानं दाजींना मिठी मारली आणि खरंच रडला. दाजींनाही गलबलून आलं. मग डोळे पुसत प्लामेन दुकानात शिरला आणि दोन मिनिटांत बाहेर आला.

"दाजी, हे तर पहिल्याच वेळी चालू झालं होतं. नुसता कागद संपला होता."

"बघा," तोंकाबाई सगळ्यांना म्हणाल्या. "आला आणि दोन मिनिटांत शोधून काढलं."

"डोकं लागतं त्याला," मिंचोकाका म्हणाले. इस्क्रानं भावाच्या ताटात भाकरीचा मोठा तुकडा वाढला.

झिवको उठला.

"ऐका. सांबा मी बसवलंय. एकट्यानं. पहिल्या झटक्यात चाललं, हे आत्ता यानंच सांगितलं. तेव्हा आज एक घोट माझ्या नावानं होऊन जाऊ दे."

त्यानं राकियाचा ग्लास पुढे केला. मंडळी गंभीरपणे उभी राहिली. प्रत्येकानं गेलेल्याच्या वाट्याचे म्हणून ग्लासातले दोन थेंब जमिनीवर सांडले, मान खाली घातली आणि मुकाट्यानं घोट घेतला. झिवकोचा हात तसाच हवेत राहिला.

"खाली घे तो," तोंकाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "चाळिसाव्याला ग्लासला ग्लास लावत नाहीत."